बर्लिनमध्ये आधुनिक जर्मनीचा अभ्यास : वर्षभरानंतरचा अनुभव

मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेली बरीच मुलं विचारतात, भाषेनंतर पुढे काय? बर्लिनमध्ये आधुनिक जर्मन संस्कृती आणि इतिहास या विषयात एम.ए. सुरू करून मला वर्ष उलटलंय, त्यामुळे आता खात्रीने लिहिते. हा अभ्यासक्रम मला फार आवडलाय. इतिहास घडला त्याच इमारतींत जाऊन तो तपासायचा, आणि तपासताना विद्यापीठांनाही सूट द्यायची नाही, ही शिस्त मला दुसरीकडे कुठे मिळाली नसती.

डालेम भागातली ईनेश्ट्रासे 22 ही इमारत आम्ही एका सेमिनारमध्ये अभ्यासली. 1927 मध्ये इथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली, संचालक ऑयगेन फिशर. आपल्या इरावतीबाई कर्व्यांनी पीएच.डी. केली ती याच फिशर यांच्याकडे. विषय होता कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. हा फरक गोऱ्यांमध्ये जास्त असतो आणि त्यातून त्यांची बुद्धी सिद्ध होते, असं फिशर धरून चालले होते. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी याचा संबंध दिसत नाही, असं त्यांच्याच संस्थेत लिहून दिलं. फिशर यांचं नाव झालं होतं ते आजच्या नामिबियातल्या रेहोबोथच्या लोकांवर केलेल्या संशोधनामुळे, आणि त्याच वसाहतीत 1904 ते 1908 या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता. पुढे आउश्वित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेले याच संस्थेकडे मृतांचे अवयव पाठवत होता. आज तिथे फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे. 2014 मध्ये जवळच खोदकामात मानवी हाडं सापडली. 2023 मध्ये त्यांचं दफन झालं. वसाहत, विज्ञान आणि नाझी राजवट हे तीन वेगळे धडे नाहीत, हे मला त्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभं राहून कळलं.

अशा जोडण्या सतत होत राहतात. बर्लिनची भिंत उभी राहिली 13 ऑगस्ट 1961 ला. पूर्व जर्मनीतून येणारे कामगार थांबले, आणि 30 ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार-करार केला. तुर्की वस्ती असलेल्या बर्लिनच्या क्रॉयत्सबर्ग भागातली आजची दुकानं, भाषा, राजकारण समजून घ्यायचं तर या दोन तारखा शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

उणीव सांगायची तर पूर्व जर्मनीची. माझ्या विभागात तिचा अभ्यास श्टाझीपाशीच घुटमळतो. त्या गुप्त पोलिसांच्या कागदपत्रांची रांग 111 किलोमीटर भरते, ती वाचायलाच हवी. पण तिथल्या पाळणाघरांबद्दल, कारखान्यांतल्या बायकांबद्दल, व्हिएतनामी कंत्राटी कामगारांबद्दल आम्ही जेमतेम दोन-तीन तास बोललो. चाळीस वर्षं चाललेल्या समाजाला हे पुरेसं नाही, आणि मी हे विभागात लेखी कळवलंय.

खर्चाचं थोडक्यात: बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण-शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी. व्हिसासाठी मात्र श्पेरकोंटोमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागले. खोली मिळणं सगळ्यात अवघड, प्रवेशपत्र हाती येताच शोध सुरू करा.

भाषा सी-1, म्हणजे प्रगत पातळीची हवीच, आणि बोलण्यापेक्षा वाचण्याचा वेग वाढवा. दर सेमिनारला दाट गद्याची साठ-सत्तर पानं असतात, आणि सुट्टीत पंधरा-वीस पानांची हाउसआरबाइट, म्हणजे सेमिनारवरचा शोधनिबंध लिहायचा. जुनी वर्तमानपत्रं फ्राक्टुर या जुन्या, टोकदार वळणाच्या जर्मन लिपीत छापलेली आहेत. ती पुण्यात बसूनच शिकता येते. बर्लिनच्या श्टाट्सबिब्लिओथेक या सरकारी ग्रंथालयाने असे कितीतरी अंक ऑनलाइन फुकट ठेवलेत. रोज अर्धं पान वाचलंत तरी पहिल्या सत्रात तुमच्या हाताशी वेळ उरेल, आणि तो वेळ ईनेश्ट्रासेला जाण्यासाठी ठेवा.