अंगठा आधी की बोटं आधी? पोहताना खांदा वाचवायचा तर

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत, नाहीतर शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांचा दम दांडगा. पण डोकं कायम वर आणि हात कपाळासमोर आडवा, ही सवय घेऊन रोज तासभर फ्रीस्टाइल (पालथं राहून आळीपाळीने एकेक हात मारत पोहणं) मारली की खांदा कुरकुरायला लागतो. अशा वेळी हात पाण्यात कसा घालायचा, ते ठरवावं लागतं.

अंगठा आधी घालणारे तळवा बाहेर वळवून हात सुरीसारखा खुपसतात. बुडबुडे कमी होतात म्हणून पूर्वी असंच शिकवत. पण त्यासाठी अख्खा दंड खांद्यातून आत फिरतो, तोही हात वर उचललेला असताना. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली आधीच जागा थोडी. तिथला स्नायूबंध दर हाताला चिमटतो. २५ मीटरला २० हात धरले तर एका किलोमीटरला ८०० हात, म्हणजे एकेका खांद्याला ४००. हात नाकासमोरची रेषा ओलांडून गेला तर चिमटा वाढतो, वर अंगही सापासारखं वळवळतं.

बोटं आधी घालायची तर तळवा तळाकडे, कोपर मनगटापेक्षा वर, मधलं बोट पहिलं पाण्यात. डोक्यापुढे साधारण दीड वीत, खांद्याच्या सरळ रेषेत. उरलेला हात पाण्याखालून पुढे सरकवायचा. वरच पूर्ण ताणला तर तो थापटला जातो आणि कोपर आधी पडतं. डोकं घड्याळातल्या १२ वर आहे असं धरा: डावा हात ११ वर, उजवा १ वर. सुरुवातीला हात फार फाकलेत असं वाटेल, वाटू द्या.

आमचं मत स्पष्ट आहे: बोटं आधी. मात्र अंग कुशीवर वळलं नाही तर सगळा भार पुन्हा खांद्यावरच येतो. डोकं वर धरलं की कंबर बुडते आणि हे वळणं अडतं. तलावात शिंगाड्याचे वेल असतात, पुढे बघावंच लागतं. तर दर आठ हातांनी फक्त डोळे बाहेर काढा, श्वास बाजूलाच घ्या.

पहिले दोन आठवडे अंतर निम्मं करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी गोठ्याच्या खांबाला बांधा, कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर ओढा: १५ वेळा, तीन फेऱ्या. खांद्याच्या टोकाला टोचत असेल, रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर पोहणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.