रेडिएटर दुरुस्त करावा की नवा बसवावा?

गाडी तापू लागली की पहिला संशय रेडिएटरवर जातो. पण थर्मोस्टॅट (कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, वाट उघडणारी-मिटणारी झडप) अडकला, वॉटर पंप झिजला, पंखा फिरेनासा झाला किंवा रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग सैल पडली, तरी तापमानाचा काटा तसाच वर चढतो. म्हणून दुरुस्ती आणि बदल या दोन पर्यायांची तुलना करण्याआधी दोष खरोखर रेडिएटरमध्येच आहे का, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

यासाठी गाडी नेमकी केव्हा तापते, हे पाहणे सर्वांत उपयुक्त ठरते. गर्दीत हळू चालताना काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच खाली येत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा, कारण वेगात वारा आपोआप रेडिएटरच्या जाळीतून (बारीक नळ्यांच्या मधल्या भागातून) जातो आणि पंख्याची उणीव झाकली जाते. याउलट भरधाव वेगात किंवा चढावर गाडी तापत असेल आणि सावकाश चालवताना ठीक राहत असेल, तर जाळीच्या नळ्या आतून गाळाने किंवा क्षारांनी बुजल्या असण्याची शक्यता मोठी असते. इन्फ्रारेड तापमापकाने तापलेल्या जाळीचे वेगवेगळे भाग मोजले असता मध्येच थंड पट्टे आढळले, तर तेथील नळ्यांतून कूलंट वाहत नाही, असे समजावे.

गळतीचेही तसेच आहे. एसी चालू असताना गाडीखाली साचणारे पाणी रंगहीन आणि गंधहीन असते, त्याची चिंता करू नये. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी असतो, हाताला चिकट लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. थेंब दिसले नाहीत, तरी रेडिएटरच्या टोकाची टाकी आणि जाळी यांच्या सांध्यावर पांढरट किंवा रंगीत पापुद्रा सुकलेला असेल, तर तिथून सूक्ष्म गळती होत असते. (कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल विषारी असून त्याच्या गोड चवीमुळे जनावरे ते चाटतात, म्हणून सांडलेला कूलंट लगेच धुऊन काढावा.)

दोष रेडिएटरचाच ठरला, तर निर्णय मुख्यतः त्याच्या धातूवर अवलंबून असतो. जुन्या पद्धतीचा तांबे-पितळेचा रेडिएटर दुरुस्तीला उत्तम दाद देतो: छिद्राला डाख देता येतो, टाकी उकलून बुजलेल्या नळ्यांतून सळई फिरवता येते आणि असे काम नीट केले तर तो पुढे बरीच वर्षे टिकतो. आजच्या बहुतेक गाड्यांत मात्र ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात. त्यांच्यामधील रबरी गॅस्केटच गळत असेल आणि प्लास्टिक अजून शाबूत असेल, तर गॅस्केट बदलून कडा पुन्हा दाबून बसवणे शक्य असते. टाकीला तडा गेला असेल, तर माझ्या मते इपॉक्सीने बुजवण्यात वेळ घालवू नये. वारंवार तापून-थंडावून ठिसूळ झालेले प्लास्टिक, जवळपास १ बार दाबाखाली, आज एका जागी फुटले तर उद्या शेजारी फुटेल. जाळीच्या बारीक नळ्यांना गंजाने छिद्र पडले असेल, तेव्हाही नवा रेडिएटर घेणेच योग्य, कारण तो गंज एका नळीपुरता क्वचितच थांबतो.

नुसता तपकिरी गाळ दिसत असेल, तर आधी फ्लश करून, म्हणजे प्रणाली आतून धुऊन, पाहावे. गळती बुजवणारी पावडर मात्र वाटेत अडकल्यावर घर गाठण्यापुरतीच समजावी, कारण ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते.

एक लक्षण असे आहे की तेथे निवड उरतच नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल काही गाड्यांत रेडिएटरच्याच टाकीत बसवलेल्या कूलरमधून थंड होते. तो कूलर आतून फुटला की कूलंट आणि तेल मिसळून गुलाबी, दुधाळ मिश्रण तयार होते. अशा वेळी गाडी न चालवता रेडिएटर बदलावा आणि गिअरबॉक्सचीही तपासणी करावी. इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल किंवा इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्यामधील सील) तपासावे. त्यात नवा रेडिएटर काहीच सुधारणार नाही.

या सगळ्या आधी झाकण तपासावे, कारण तेच सर्वांत स्वस्त आहे. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण वातावरणीय दाबाला साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाने राखलेल्या दाबामुळे ही मर्यादा १२५ अंशांच्या पुढे जाते. झाकण दाब धरत नसेल, तर निरोगी रेडिएटरही उकळू लागतो. इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नये, दाबाखालील कूलंट उसळून गंभीर भाजते.

मेकॅनिककडे गेल्यावर कोणताही भाग सुटा करण्याआधी हातपंपाने दाब-चाचणी करून घ्यावी आणि दाब उतरतो का, कुठून उतरतो, हे स्वतः पाहावे. नवा रेडिएटर बसवायचे ठरले, तर आधी संपूर्ण प्रणाली धुऊन घ्यावी, नाहीतर इंजिनातील जुना गाळ नव्या जाळीत जाऊन बसतो. कूलंट भरताना अडकलेली हवा काढून टाकावी आणि पुढचे काही दिवस इंजिन थंड असताना पातळी पाहत राहावी.