मोत्याच्या पायासाठी घेतलेली चुंबकीय गादी

आमचा मोत्या नऊ वर्षांचा, वावराचा राखणदार. कापूस वेचणीच्या दिवसांत ट्रॉलीवरून उडी मारली अन् मागचा पाय मोडला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सळई टाकली, पण हाड धरेना. त्यांच्याच सल्ल्यानं ही गादी मागवली.

आत तारेची वेटोळी आहेत. त्यांतून थांबून थांबून वीज जाते, चुंबकीय क्षेत्र तयार होतं अन् ते केस-कातडीतून हाडापर्यंत पोचतं. माणसांच्या न जुळणाऱ्या हाडांसाठी अमेरिकेत या उपचाराला १९७९ मध्येच मान्यता मिळाली. कुत्र्यांवरचा अभ्यास मात्र अजून थोडाच आहे.

सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं लावायची. ना चटका, ना आवाज. पहिल्या दिवशी मोत्या हुंगून उठून गेला. वर माझं जुनं लुगडं अंथरलं, तेव्हा बसला. आता गादी काढली की स्वतःच येऊन आडवा होतो. रात्रीचं कण्हणं आठवड्यात थांबलं; मी त्याच्याजवळच झोपत होते. दोन महिन्यांनी एक्स-रेत हाड धरलेलं दिसलं. विश्रांती, औषधं चालूच होती, म्हणून सगळं श्रेय गादीला देत नाही.

बॅटरी मात्र कच्ची. दोन वेळा पुरत नाही, अन् आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही. विकणाऱ्याला तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. किंमत दोन क्विंटल कापसाएवढी, तरी मोत्यासाठी पुन्हा घेईन. गाठ असलेल्या किंवा गाभण जनावराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

शेजारचे काका बैलाच्या खांद्यासाठी मागायला आलेत. उद्या डॉक्टरांना विचारते.