कॅन्सरला व्हिटॅमिन सी ची ड्रिप: केमोऐवजी, केमोसोबत, की मुळीच नको?

आमच्या मामाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, लिव्हरपर्यंत गेलेला, आणि आठवड्याच्या आत मामेभावाच्या फोनवर व्हिटॅमिन सी चे चार व्हिडिओ येऊन पडले. तुमच्याही घरी आता हेच चाललं असणार, कोणीतरी म्हणत असेल "नॅचरल आहे, करून बघायला काय जातं". तर काय काय जातं तेच लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण मामाच्या निमित्ताने यात बराच घुसलो होतो.

पहिली गोष्ट, गोळी आणि ड्रिप हे दोन वेगळे प्रकार धरा. तोंडाने कितीही गोळ्या खाल्ल्या तरी रक्तातली पातळी एका मर्यादेवर अडकते, कारण आतडं जास्त शोषतच नाही आणि उरलेलं किडनी बाहेर टाकते. शिरेतून ५० ग्रॅम दिलं तर तीच पातळी साठेक पट वर जाते, आणि तेवढ्या पातळीला व्हिटॅमिन सी उलटं वागतं, म्हणजे पेशी वाचवण्याऐवजी गाठीभोवती हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. प्रयोगशाळेत त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खरं आहे. पण प्रयोगशाळेतल्या बशीत बरंच काय काय मरतं. थोडक्यात, कॅन्सर बरा करायला लिंबू, आवळा, गोळ्या असलं कोणी सांगत असेल तर तो विषय इथेच सोडून द्या.

सगळे लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचं नाव पुढे करतात, दोन नोबेलवाला माणूस म्हणून. १९७६ मध्ये त्याने आणि स्कॉटलंडच्या इवन कॅमेरॉनने शेवटच्या टप्प्यातले १०० पेशंट छापले, व्हिटॅमिन सी घेणारे सरासरी २१० दिवस जगले आणि तुलनेतले १००० जण ५० दिवस. ऐकायला जबरदस्त आहे, पण ते १००० जुन्या रेकॉर्डमधून काढलेले होते, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते. मग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलने १९७९ आणि १९८५ मध्ये नीट चाचण्या केल्या आणि काहीच फायदा दिसला नाही. पॉलिंगवाले म्हणतात मेयोने फक्त गोळ्या दिल्या, कॅमेरॉन आधी शिरेतून द्यायचा. हा मुद्दा मला पटतो, त्यामुळे मेयोवर सगळं संपलं असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्यासमोरचे पर्याय.

केमो सोडून नुसती ड्रिप. यावर जास्त वेळ घालवत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये एक अभ्यास आला, कॅन्सर दूर पसरलेला नसताना नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा. त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटीच्या वर, आतड्याच्या कॅन्सरमध्ये चार पटीच्या वर. आणि हे तेच पेशंट ज्यांना वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर बरं व्हायची खरी संधी होती. कोणी "केमोचं विष थांबवा आणि आमच्याकडे या" म्हणालं तर चप्पल घाला आणि निघा.

केमोसोबत ड्रिप. खरा विचार करायचा तो इथे. मामाच्याच प्रकारच्या कॅन्सरवर चीनमध्ये ४४२ पेशंटची चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली. अर्ध्यांना नुसती केमो, अर्ध्यांना केमो आणि केमोच्या प्रत्येक फेरीत तीन दिवस वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम व्हिटॅमिन सी. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ९० ग्रॅम झाले, म्हणजे नागपूरची हजाराहून जास्त संत्री एका बैठकीत! आजार न वाढता गेलेला काळ किती, तर ८.६ महिने विरुद्ध ८.३. म्हणजे जवळपास तेवढंच. फक्त गाठीच्या रॅस नावाच्या जीनमध्ये बदल असलेल्यांत ९.२ विरुद्ध ७.८ असा थोडा फरक दिसला, पण ती एका गटातली झलक आहे, त्यावर कोणी दुकान उघडू नये.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. आयोवा विद्यापीठाने स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोसोबत आठवड्यातून तीनदा ७५ ग्रॅम दिलं, २०२४ चा निकाल आहे, मध्यम आयुर्मान ८.३ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेलं. दुप्पट! पण पेशंट सगळे मिळून ३४. एवढ्या छोट्या आकड्यात पाच-सहा जण इकडचे तिकडे झाले तरी चित्र बदलतं, म्हणून मोठी चाचणी होईपर्यंत मी याला आशा म्हणेन, उपचार नाही. स्वादुपिंडाचा पेशंट असेल आणि ऑन्कॉलॉजिस्ट स्वतः एखाद्या चाचणीत घेत असेल, तर मात्र मी हो म्हणेन.

आणि "साइड इफेक्ट नाहीत" हे तर साफ खोटं. जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असेल तर ड्रिपने रक्तपेशी फुटतात. आपल्याकडे पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त सापडते, साधी रक्ततपासणी आहे, ती न करता सुई लावणारा माणूस बेजबाबदार समजा. किडनी कमजोर असेल किंवा खडे होत असतील तर किडनीत ऑक्झलेट, म्हणजे खडे ज्याचे होतात ते, साचतं. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरला बोर्टेझोमिब नावाचं औषध चालू असेल तर व्हिटॅमिन सी त्या औषधालाच निकामी करू शकतं.

आमच्याकडे झालं ते वेगळंच. मामाने हट्टाने एका क्लिनिकमध्ये ड्रिप सुरू केली, तिथे डायबेटिसचं कोणी विचारलंही नाही. दुसऱ्या ड्रिपच्या संध्याकाळी मामीने सवयीप्रमाणे बोट टोचून शुगर बघितली तर मशीनवर ४८०. तिने इन्सुलिनचं पेन काढलं, आकडा फिरवून ठेवला, आणि नशीब की आधी मला फोन केला, कारण मामा आरामात मॅच बघत बसलेला. लॅबमध्ये रक्त दिलं तर शुगर १४२! व्हिटॅमिन सी मुळे घरचं ग्लुकोमीटर फसतं, भलताच मोठा आकडा दाखवतं. तेवढं इन्सुलिन गेलं असतं तर रात्रीत माणूस गेला असता.

ड्रिप न घेता तेच पैसे दुसरीकडे. याच्या जाहिराती येत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितो. लोक ड्रिप बहुतेक वेळा "जरा ताकद येईल, जेवण जाईल" म्हणून घेतात ना, मग भुकेसाठीच पाँडिचेरीच्या जिपमर या सरकारी हॉस्पिटलने ओलान्झापिनची छोटी गोळी, २.५ मिलिग्रॅम, केमोवाल्या पेशंटना रोज दिली आणि ६० टक्के लोकांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, डमी गोळीवाल्यांत ९ टक्के. स्वस्त गोळी आहे, झोप जास्त येते, डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची. आणि पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की आपल्याकडे लोक "म्हणजे संपलं का?" विचारतात, पण फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये अमेरिकेतल्या २०१० च्या अभ्यासात ती सुरुवातीपासून घेणारे ११.६ महिने जगले, नुसते नेहमीचे उपचारवाले ८.९. कसलीही ड्रिप नाही, दुखणं, झोप, घाबरणं याकडे कोणीतरी नीट बघितलं एवढंच.

एवढं वाचूनही घ्यायचीच असेल तर ऑन्कॉलॉजिस्टपासून लपवू नका, जी६पीडी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करा, डोस कागदावर लिहून मागा, आणि केमोची एकही तारीख ड्रिपसाठी पुढे ढकलू नका.

मामाने चौथ्यानंतर ड्रिप सोडली, केमो चालू आहे. डॉक्टरांनी भुकेची गोळी लिहून दिल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून पिठलं-भाकरी मागितली, वर मिरचीचा ठेचा पण, तो मामीने दिला नाही. ग्लुकोमीटरच्या डबीवर तिने चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच आहे: "सलाईन लावलं असेल तर याचं ऐकायचं नाही, लॅबला जायचं."