चेहरा कापडाचा की कागदाचा?

इंदूरची हुकुमचंद मिल ही कापड गिरणी १९९१ साली बंद पडली. कामगारांना थकलेली देणी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. ती वाट पाहणारा चेहरा अमूर्त व्यक्तिचित्रात आणायचा, तर जुनं सुती कापड घ्यावं की हिशेबाच्या जुन्या वह्या?

आमचा कौल कापडाला. विटलेल्या सदऱ्याची कॉलर आतून पाहा: मानेच्या घामाची पिवळी रेघ, उसवल्यावर पुन्हा घातलेली टीप. नाक-डोळे न काढताही तिथे माणूस दिसतो. म्हणून डाग घालवू नका. कांजी मात्र कोमट पाण्यात भिजवून पूर्ण काढा, नाहीतर कसर लागते. ओलं कापड ताणून ठोकलं तर सुकताना आकसतं आणि चौकट पिळवटते. आधी सुकवा, मग ताणा.

कागदाकडे अक्षर आहे, आणि हजेरीची ओळ गालावरून उतरली की अंगावर येते. पण पिवळं पान घडीवर तुटतं, शाई फुटते. कोपऱ्यातल्या अक्षरावर ओला कापूस टेकवून बघा. रंग उतरला तर त्या पानाची झेरॉक्स वापरा. एक भाग मैदा, पाच भाग पाणी शिजवून, गाळून खळ करा आणि पानामागे मलमल लावा. थर जाड झाला तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. फेविकॉल नकोच, पान पुन्हा सुटत नाही.

वह्यांत खरी नावं असतात. घरच्यांना विचारल्याशिवाय ती वाचता येतील अशी लावू नका.