डिप्रेशन गेलं पण डोकं चालेना: कॉग्निटिव्ह रेमेडिएशनचा रिव्ह्यू

डिप्रेशनमधून बाहेर येताना मूड आधी सुधारतो, रडू थांबतं, झोप लागायला लागते, घरचे म्हणतात चला बरी झालीस, पण डोकं अजून जागेवर आलेलं नसतं हे कोणी आधी सांगतच नाही. फोन लावायचा आणि समोरच्याने उचलेपर्यंत कशासाठी लावला तेच आठवायचं नाही, साधा मेल परत परत वाचूनही शिरायचा नाही. हा आळस नाहीये हो! २०१४ च्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्येही (म्हणजे बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहणं) बऱ्या झालेल्या लोकांत लक्ष आणि प्लॅनिंगची अडचण उरलेली दिसली होती.

आमच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी१२ तपासलं, चालू गोळ्या बघितल्या (अमिट्रिप्टिलीनसारख्या काही जुन्या गोळ्यांनीही विसरायला होतं, पण मनाने बंद करू नका), मगच कॉग्निटिव्ह रेमेडिएशनला पाठवलं, म्हणजे लक्ष, स्मरण, प्लॅनिंग सुधारायला सराव करून घेणारी थेरपी.

सेशनमध्ये कॉम्प्युटरवर व्यायाम असतात, म्हणजे आकड्याला ठरलेलं चिन्ह पटापट जुळवायचं वगैरे. पण खरी किंमत त्या व्यायामाची नाहीच. मधेच थांबवून थेरपिस्ट विचारतात, "आत्ता हे कसं लक्षात ठेवलंत?" मी म्हटलं मनात बोलून. मग तीच युक्ती कामावर कुठे वापरता येईल ते आम्ही बसून ठरवलं, आता कोणी काही सांगितलं की मी लगेच माझ्या शब्दांत परत बोलून दाखवते आणि तिथेच लिहून ठेवते. बऱ्याचदा आपण विसरलेलोच नसतो, लक्ष नसल्यामुळे ते आत गेलेलंच नसतं, हे मला इथे कळलं आणि स्वतःला दोष देणं खूप कमी झालं.

खटकलं ते म्हणजे सेशन फार लांब, शेवटी मेंदू पार थकून जातो आणि त्यात स्क्रीनवरचा स्कोअर घसरलेला दिसला की जीव खट्टू होतो. छोटे ठेवा, प्लीज.

नुसतं ब्रेन गेमचं अ‍ॅप घेऊन भागेल का, तर मला नाही वाटत, त्या गेममध्ये तरबेज होतो आपण, बाकी कामं तिथेच. २०१६ मध्ये ल्युमॉसिटी या ब्रेन गेम अ‍ॅपच्या कंपनीने अमेरिकेत फसव्या जाहिरातींच्या आरोपांवर २० लाख डॉलर भरून तडजोड केली होती.

कुठेही नाव घालण्याआधी एवढं विचारा की व्यायामानंतर रोजच्या कामांवर बोलणार का, नुसतं स्क्रीनसमोर बसवणार असतील तर नका जाऊ.