कोबाल्ट-60 की लिनॅक?
कर्करोगावरच्या किरणोपचारात दोन्ही यंत्रं वापरतात: एकात कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी धातू असतो, दुसरं, म्हणजे लिनॅक, विजेवर क्ष-किरण तयार करतं. कोबाल्ट-60 सतत गॅमा किरण सोडतो. त्याला बंद करायचं बटणच नाही. हा स्रोत उपचारानंतर संरक्षक कवचात परतला नाही, तर आधी रुग्णाला बाहेर काढायचं. अर्धायुष्य (तीव्रता निम्मी व्हायला लागणारा काळ) 5.27 वर्षं, म्हणजे दरमहा तीव्रता सुमारे 1 टक्क्याने घटते. त्या हिशेबाने उपचाराची वेळ वाढवली नाही तर डोस कमी पडतो.

लिनॅकची वीज तोडली की किरण थांबतात. 6 एमव्हीचा (मेगाव्होल्टचा) झोत कमाल डोस सुमारे 1.5 सेंमी खोलीवर देतो, कोबाल्टचा अर्ध्या सेंमीवरच. त्यामुळे लिनॅकमध्ये त्वचा जास्त वाचते, झोताची कडाही रेखीव येते. पण स्थिर वीज, शीतकरण आणि हाताशी तंत्रज्ञ हवा. वीज बेभरवशाची असेल तिथे कोबाल्टच बरा. फक्त जुना स्रोत भंगारात जाता कामा नये: 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानियात अशाच जुन्या किरणोपचार यंत्रातल्या, टाकून दिलेल्या सीझियम-137 या किरणोत्सारी स्रोताने चौघांचा बळी घेतला.